उलटे धरलेले निदान

तुळशीच्या लग्नात मांडला जाणारा शाळिग्राम अनेक मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या जपलेला असतो. नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांपैकी अनेकांच्या पोटात ॲमोनाइट या कवचधारी सागरी प्राण्याचे अवशेष असतात. भाविक ज्याला विष्णूचे चक्र मानतात, ते भूविज्ञानाच्या दृष्टीने त्या कवचाचे वेटोळे. गाळात गाडल्या गेलेल्या जीवाभोवती खनिजे साचून असा टणक गोटा तयार होतो. त्याला काँक्रिशन म्हणतात. कवच टिकाऊ असल्याने ॲमोनाइट ओळखणे तुलनेने सोपे असते. गोट्यात मऊ अंगाचा, बिनहाडांचा लहान जीव सापडला, की ओळख पटवणाऱ्याची खरी कसोटी लागते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोच्या नैऋत्येला मेझन क्रीक परिसर आहे. तेथील कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीच्या ढिगांत असे असंख्य गोटे मिळाले. ते सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. नदीमुखाजवळच्या गाळात जीव झटपट गाडले गेले. ते कुजत असताना जिवाणूंच्या क्रियेतून कार्बन डायऑक्साइड निर्माण झाला आणि गाळातील लोहाशी संयोग होऊन सिडेराइट हे खनिज बनले. त्यामुळे एरवी मागमूसही न राहणाऱ्या जीवांचे ठसे उरले. हौशी संग्राहक हे गोटे पाण्यात भिजवून गोठवतात, वितळू देतात आणि पुन्हा गोठवतात. अखेर गोटा आपोआप फुटतो, बहुधा जीवाश्म असलेल्या थरावरच.

यात सर्वाधिक सापडणारा जीव म्हणजे एसेक्सेला. १९७९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले ते जेलीफिश म्हणून. वर छत्री आणि खाली पडद्यासारखा झगा, असे त्याचे रूप सांगितले गेले. आजच्या कोणत्याही जेलीफिशला असा झगा नसतो, ही अडचण होतीच. तरीही ही ओळख चार दशके टिकली. संग्राहक या जीवाश्मांना नुसतेच ‘गोळे’ म्हणत.

रॉय प्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी संग्रहालयातील हजारो नमुने पुन्हा तपासले. नमुना उलटा धरल्यावर कोडे सुटले. ‘छत्री’ हा समुद्रफुलाचा गाळात रुतून बसणारा तळ होता आणि ‘झगा’ म्हणजे त्याचे पिंपासारखे धड. २०२३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. काही नमुन्यांवर गोगलगायी का दिसतात, याचेही उत्तर मिळाले. समुद्रतळावर मेलेली समुद्रफुले त्या खात असाव्यात.

वैद्यकाने या गोष्टीकडे लक्ष द्यावे, असे तिच्यात बरेच आहे. जुन्या केसपेपरवरचे निदान नव्या केसपेपरवर जसेच्या तसे उतरते. दम्याची औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्या रुग्णाची धाप प्रत्यक्षात हृदयविकाराची निघू शकते. एखादे लक्षण निदानात बसत नसेल, तर बहुतेक वेळा लक्षणाकडेच काणाडोळा होतो. एसेक्सेलाच्या बाबतीत झग्याचे तसेच झाले. चुकीच्या चिठ्ठीमुळे जीवाश्माचे काही बिघडत नाही. रुग्णाची मात्र उपचाराची वेळ निघून जाते.

ही चूक सुधारता आली, कारण ‘नेहमीचेच’ म्हणून टाकून देता आले असते असे नमुनेही जपले गेले होते. एका नमुन्यावरून हे शक्य नव्हते. कुजण्याने आकार बदलतो आणि प्रत्येक गोटा वेगळ्या बाजूने फुटतो. हजारो नमुने शेजारी ठेवल्यावरच शरीराची खरी रचना दिसते. रुग्णालयातील जुन्या नोंदी आणि तपासणीचे जपलेले नमुने याच कारणासाठी मोलाचे असतात. जागा अडते म्हणून ते रद्दीत काढणे महागात पडते.

कुणाला असा गोटा मिळालाच, तर त्यावर हातोडी चालवण्याची घाई करू नये. तो कुठे, कोणत्या थरात मिळाला हे लिहून ठेवावे आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. ठिकाण हरवलेल्या जीवाश्माचे मोल निम्मे होते. नाव चिकटवण्याआधी वस्तू सर्व बाजूंनी पाहावी आणि नाव चिकटल्यावरही अधूनमधून पुन्हा पाहावी. प्रयोगशाळेत आणि बाह्यरुग्ण विभागात, दोन्हीकडे एवढी सवय लागायला हवी.