घाटाचा राजा रात्री ठरतो

बेल्हे, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यात ‘घाटाचा राजा’ कोण, हा वाद जुनाच आहे. यात्रेत कुणाची बारी सरस झाली, यावर पारावर तासन्‌तास चर्चा रंगते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात अव्वल ठरणाऱ्यालाही हाच किताब मिळतो. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्याच जिल्ह्यात झाली आणि सायकलपटूंविषयीचे कुतूहल आणखी वाढले. जुलैमध्ये मोबाईलवर टूर द फ्रान्स पाहणाऱ्या तरुणांत तर दोन तट पडतात. तादेय पोगाचार श्रेष्ठ की योनास विंगेगार्ड?

वाद रंगावा असेच आकडे आहेत. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत पोगाचारने ही शर्यत चार वेळा जिंकली, विंगेगार्डने दोन वेळा. एक बाजू म्हणते, याच्या पायात ताकद जास्त. दुसरी म्हणते, त्याची जिगर मोठी. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र या वादात एक महत्त्वाचा मुद्दा सुटतो. एका दिवसाची शर्यत ताकदीवर जिंकता येते. तीन आठवड्यांच्या शर्यतीत संध्याकाळी सायकल ठेवल्यापासून सकाळी पुन्हा तिच्यावर बसेपर्यंत शरीर किती भरून येते, याला तितकेच मोल असते.

टूर द फ्रान्समध्ये २१ टप्पे आणि साधारण ३,३०० किलोमीटर अंतर असते. विश्रांतीचे दिवस अवघे दोन. सामान्य माणसाला दिवसाला दोन ते अडीच हजार कॅलरी पुरतात. डोंगराळ टप्प्यावर या खेळाडूंना सहा हजारांहून अधिक लागतात. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा जेमतेम अर्धा किलो साठा ठेवू शकतात आणि जोराच्या श्रमात तो सुमारे दोन तासांत संपत येतो. म्हणून हे खेळाडू सायकल चालवतानाच तासाला चार केळ्यांतून मिळेल इतके पिष्टमय अन्न पोटात घालतात. संध्याकाळी रिकामा साठा भरायचा, झिजलेले स्नायू प्रथिनांनी दुरुस्त करायचे आणि ते काम गाढ झोपेत पुरे होऊ द्यायचे. यातले एक जरी चुकले, तरी त्याची वसुली पुढच्या चढावर होते.

२०२३ चे उदाहरण बोलके आहे. एप्रिलमध्ये पडून पोगाचारचे मनगट मोडले आणि सरावात खंड पडला. जुलैमध्ये पहिले दोन आठवडे तो विंगेगार्डच्या बरोबरीने झुंजला. सतराव्या टप्प्यावर मात्र कोल द ला लोझच्या चढावर तो कोसळला आणि अखेर साडेसात मिनिटांनी हरला. जिगर तीच होती, पण तिसऱ्या आठवड्यासाठी लागणारी शिल्लक शरीराकडे नव्हती.

ही गोष्ट बैल पाळणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. बारी झाल्यावर बैलाला पाणी, खुराक आणि विसावा मिळालाच पाहिजे, हे त्याला पक्के ठाऊक असते. पण त्याच घरातला मुलगा पोलीस भरतीच्या १,६०० मीटरसाठी पहाटे उपाशीपोटी धावतो, नंतर वडापाव खातो, रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल पाहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच जोर लावतो. दुसरा रविवारी सायकलवर थेट माळशेज गाठतो आणि सोमवारी शेतात राबतो. वेळ सुधारत नाही, म्हणून दोघेही कुणीतरी सुचवलेली पावडर आणतात.

पावडरीच्या या वाटेचे टोक कुठे जाते, तेही सायकलच्याच इतिहासात दिसते. रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे औषध घेतल्यामुळे लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली. या औषधाने रक्त दाट होते, गुठळ्यांचा धोका वाढतो. गावात मिळणाऱ्या, घटकांची नीट माहिती नसलेल्या डब्यात काय आहे, हे तर विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

त्यापेक्षा स्वस्त उपाय घरात आहेत. सरावाआधी केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू. नंतर तासाभरात वरण-भात किंवा भाकरीसोबत उसळ, दूध, अंडे. रात्री सात-आठ तास झोप. जोराच्या दिवसानंतर हलका दिवस आणि आठवड्यात एक पूर्ण विश्रांती. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजावी. ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त येऊ लागली, तर शरीर अजून भरून आलेले नाही असे समजून त्या दिवशी जोर लावू नये. अतिश्रमानंतर स्नायू खूप दुखत असतील आणि लघवी काळ्या चहासारखी झाली असेल, तर तुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडात अडकत असण्याची शक्यता असते. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन घरी पडून राहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धावताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे यालाही हाच नियम.

पोगाचार की विंगेगार्ड, हा वाद जरूर घालावा. त्यात मजा आहे. फक्त तो रात्री दहाला थांबवावा आणि बैलाला मिळतो तेवढा विसावा घरच्या पोरालाही मिळू द्यावा.