पदवी माझी, पार्टी कुणाची?

माझं बी.कॉम. झालं. घराण्यातली पहिली पदवी. मामू म्हणाले, "हॉल घेऊ, बिर्याणी करू, चौकात बॅनर लावू."

यादी करायला बसलो. १५० पाहुणे झाले. बाजूला आपा मशीनवर ब्लाउज शिवत होती. दहावीनंतर तिची शाळा सुटली. माझी फी त्याच मशीनवर निघाली. यादीत तिचं नाव नव्हतं. ती घरचीच, वाढायला असेल, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. मीही.

आपल्याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसैन, पुढे देशाचे राष्ट्रपती. हाताच्या कामातून शिक्षण, हा त्या योजनेचा पाया. मग शिवणाऱ्या हातांना आपण अडाणी का समजतो?

खुशी साजरी करू नका, असं मी म्हणत नाही. दुवा हवी, मिठाईही हवी. पण आम्ही हॉल आणि बॅनर रद्द केले. दावत अंगणात होईल. आपा पाहुण्यांत बसेल, वाढायला मी असेन. वाचलेल्या पैशांतून तिचा बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरू, पुस्तकं घेऊ. तिला विचारलं तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "अकाउंट्स तू शिकवशील?"

मित्रांनो, आपल्या कितीतरी पदव्यांसाठी घरात कुणीतरी थांबलेलं असतं. पार्टीची यादी कराल तेव्हा पहिलं नाव त्यांचं लिहा. आणि एकदा विचारा, पुढे शिकायचंय का?