आपल्यातलीच आहे ना!

बायकांना गळाला लावायला फारशी अक्कल लागत नाही, असं चेन मार्केटिंगवाल्यांना वाटतं. आणि आपण त्यांना तसं वाटू देतो, याची मला जास्त चीड येते.

त्यांची रीत ठरलेली. परक्याला पाठवायचंच नाही. कुणाची नणंद, कुणाची मामी, नाहीतर मंदिरात रोज भेटणारी काकू. ‘आपल्यातलीच आहे, फसवील कशी?’ हा पहिला डाव. मग दुखऱ्या जागेवर बोट: ‘वहिनी, भाजीच्या पैशालासुद्धा हात पसरावा लागतो ना?’ त्यावर घाई: ‘आजच नाव घाला.’ आणि शेवटी लाज: ‘सगळ्याजणी आल्या, तुम्हीच तेवढ्या मागे!’

ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं, की माणसाचं मन वळतं ते तीन गोष्टींनी: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला पुरावा. या बैठकांत पहिल्या दोन ताटभर वाढतात, तिसरी चिमूटभरही नाही. मग हिशेब आपणच मांडू. एकीने पाच जणी आणायच्या, त्या प्रत्येकीने आणखी पाच. दहाव्या पायरीला ९७ लाख बायका लागतात, तेराव्या पायरीला १२२ कोटी! कुठून आणणार? म्हणजे शेवटच्या पायरीवरची बाई बुडणारच, आणि तीही कुणाची तरी वहिनीच असते. नुसती माणसं जोडून पैसा फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, हे मात्र बैठकीत कुणी सांगत नाही.

‘घरच्या माणसांना असं उलट विचारू नये,’ म्हणणाऱ्यांना मी समंतभद्र आचार्यांकडे पाठवते. ‘आप्तमीमांसे’च्या आरंभीच ते प्रत्यक्ष जिनेंद्रांना म्हणतात, देव दर्शनाला येतात, चवऱ्या ढाळल्या जातात, एवढ्यावरून मी तुम्हाला थोर मानत नाही, तसला थाट मायावी लोकांकडेही दिसतो. पुढे ते तपासतात ते वचन, युक्तीला धरून आहे की नाही ते. जिनेंद्रांनाही परीक्षा चुकली नाही, तिथे टाय लावून आलेल्या ‘लीडर’ची काय कथा? आणि सगळे करतात म्हणून डोळे मिटून करणं, याला आपल्याकडे लोकमूढता म्हणतात, समाजाभिमान नव्हे.

तेव्हा भगिनींनो, तीनच प्रश्न विचारा. पैसा माल विकून येतो की माणसं जोडून? हे सगळं लिहून द्याल का? आठ दिवस विचार करून सांगितलं तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नालाच तोंड वाकडं झालं, तर समजून घ्या.

नात्याचा मान चहापोहे देऊन राखावा. त्यासाठी पाकीट उघडायची गरज नाही.