नदीच्या पात्रातून मोटारी धावतात!



आज वाचायला बसण्याआधी पृथ्वीगोल काढा. घरात नसेल तर शाळेत मागा. बाई-गुरुजी नाही म्हणणार नाहीत. बहुतेक शाळांत तो कपाटावर धूळ खातच पडलेला असतो!

काढलात? आता नागपूरवर बोट ठेवा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तीच आडवी रेषा धरून पश्चिमेकडे निघा. जळगाव लागेल, मग सुरत. (सुरत लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.) मग अरबी समुद्र, अरबस्तान, तांबडा समुद्र, सहाराचं भलंमोठं वाळवंट, अख्खा अटलांटिक महासागर, क्युबा बेट, मेक्सिकोचं आखात... आणि मेक्सिको देशाच्या मधोमध, डोंगरांत बोट शिरलं की थांबा. तिथे ग्वानाह्वातो नावाचं शहर आहे. इंग्रजी नकाशात स्पेलिंग बघाल तर मधे 'जे' दिसेल. पण स्पॅनिश भाषेत त्या 'जे'चा उच्चार 'ह' करतात.

आता एक गंमत. नागपूर आहे ७९ अंश पूर्व रेखांशावर आणि ग्वानाह्वातो १०१ अंश पश्चिम. करा बेरीज. १८०! म्हणजे बरोब्बर अर्धी पृथ्वी पलीकडे. आमच्या शाळेची घंटा सकाळी साडेदहाला वाजते, तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. आणि या दोन शहरांमधला जवळचा रस्ता कोणता? मगाशी बोट फिरवलं तो नव्हे. एक दोरा घ्या, एक टोक नागपूरवर, दुसरं ग्वानाह्वातोवर धरा आणि ताणा. दोरा सरकत सरकत चक्क उत्तर ध्रुवावरून जातो! बोटाचा रस्ता सुमारे १८,७०० किलोमीटर, दोऱ्याचा सुमारे १५,३००. आमच्या चौथीच्या वर्गाला हे आधी पटेना. तीनदा दोरा ताणून झाला तेव्हा कुठे पटलं.

एकाच अक्षांशावर म्हणजे ऊनही सारखंच, असं वाटेल. पण मे महिन्यात नागपूर ४५ अंशांपर्यंत भाजून निघतं, आणि ग्वानाह्वातोत दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. कारण उंची. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, तर हे शहर २००० मीटरवर. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. ग्वानाह्वातोच्या बाजारात भाजी घ्यायला गेलेली आजीसुद्धा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वर उभी असते!

पुरेपेचा नावाच्या तिथल्या मूळच्या लोकांनी या जागेला 'बेडकांची टेकडी' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्याचंच घासून घासून ग्वानाह्वातो झालं. खरं तर शहर वसवावं अशी ही जागाच नव्हे. दोन्हीकडे डोंगर, मधे अरुंद घळ आणि घळीतून वाहणारी नदी. सपाट जमीन औषधालाही नाही. तरीही लोक इथे येऊन राहिले, कारण १५४८च्या सुमारास इथे चांदी सापडली.

त्या वेळी मेक्सिकोवर स्पेनचं राज्य होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी इथली बालेन्सियाना ही खाण जगातल्या सर्वांत श्रीमंत चांदीच्या खाणींत गणली जाई. खाणमालकाने खाणीशेजारी बांधलेलं देऊळ, म्हणजे चर्च, आजही उभं आहे. आतली वेदी सोन्याच्या मुलाम्याने लखलखते. पण मला त्या वेदीपेक्षा खाणीच्या पायऱ्यांबद्दल सांगायचं आहे. १८०३ मध्ये हुम्बोल्ट नावाचा थोर जर्मन शास्त्रज्ञ इथे आला होता. तो स्वतः खाणीत उतरला. खनिज वर आणणारे हमाल त्याने पाहिले. शंभर किलोहून जड ओझं पाठीवर घेऊन ते हजारो पायऱ्या चढत-उतरत, दिवसातून कितीतरी वेळा. हुम्बोल्टने हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. हमालांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

वर आलेल्या खनिजाची भुकटी करायची, पाणी घालून चिखल करायचा, त्यात मीठ आणि पारा मिसळायचा, आणि खेचरांना गोल गोल फिरवून तो तुडवायचा. पारा चांदीला धरतो, मग तापवला की उडून जातो आणि चांदी उरते. पारा किती विषारी असतो हे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. उरलेला गाळ कुठे टाकायचा? नदीत! हे विसरू नका, पुढे नदीने याचा हिशोब चुकता केला.

आणि सुरत? सांगते. मेक्सिकोच्या चांदीची नाणी तेव्हा जगभर चालत. काही युरोपमार्गे, तर काही प्रशांत महासागर ओलांडून मनिलामार्गे आशियात येत. सुरतेच्या टाकसाळीत अशी परदेशी चांदी वितळवून रुपये पाडले जात. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली ज्या सुरतेवर छापे घातले, तिच्या श्रीमंतीत अमेरिकेतल्या खाणींचाही वाटा होता.

आता शहरात शिरू या. शिरायचं ते वरून. एका टेकडीवर गुलाबी दगडाचा प्रचंड पुतळा आहे. दणकट शरीराचा माणूस, हातात उंच धरलेली मशाल. हा पीपिला. १९३९ साली हा पुतळा उभा राहिला. इथून खाली पाहिलं की लाल, पिवळी, निळी घरं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी दिसतात. घरांच्या गर्दीत एक भक्कम चौकोनी इमारत दिसते. ते धान्याचं कोठार, आलोंदिगा. मोठा दुष्काळ पडून गेला होता, पुन्हा लोकांवर उपासमार येऊ नये म्हणून मका साठवायला रियान्यो नावाच्या अधिकाऱ्याने ते बांधायला घेतलं. १८०९ मध्ये ते पुरं झालं आणि वर्षभरातच तिथे रक्ताचा सडा पडला.

१६ सप्टेंबर १८१० रोजी दोलोरेस गावच्या इदाल्गो या धर्मगुरूने स्पेनच्या राज्याविरुद्ध उठाव केला. शेतकरी, मजूर, खाणकामगार, हजारो लोक हातात मिळेल ते घेऊन निघाले. ते ग्वानाह्वातोकडे येताहेत हे कळताच रियान्योने सरकारी खजिना, चांदी, धान्य आणि शहरातले स्पॅनिश लोक कोठारात आणून दारं लावून घेतली. गरिबांच्या भुकेसाठी बांधलेलं कोठार, आणि गरीबच बाहेर! २८ सप्टेंबरला लढाई जुंपली. भिंती जाड, आतून गोळ्यांचा वर्षाव. तेव्हा म्हणे पीपिला नावाच्या खाणकामगाराने एक सपाट दगड पाठीला बांधला, गोळ्या दगडावर झेलत दारापर्यंत रांगत गेला आणि मशालीने लाकडी दार पेटवलं. दार जळलं, लोक आत घुसले.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, आणि काय विचारता! मधल्या सुट्टीत सगळे पीपिला. पाठीवर पाट बांधून, दप्तर बांधून व्हरांड्यात रांगताहेत. कोठाराचं दार म्हणजे आमच्या ऑफिसचं दार. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "बाई, हे काय शिकवताय?"

पण सुट्टी संपल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, आत जे होते त्यांचं काय झालं?"

मी थोडी थांबले. मग खरं ते सांगितलं. आतले बहुतेक सगळे मारले गेले. शरण आलेलेही. रियान्यो तर लढाईच्या सुरुवातीलाच पडला होता. वर्ग एकदम गप्प झाला.

आणखी एक खरी गोष्ट सांगायला हवी. पीपिला खरोखर होता की नाही, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. त्या वेळी या शहरात आलामान नावाचा सतरा वर्षांचा मुलगा राहत होता. पुढे तो मेक्सिकोचा मोठा इतिहासकार झाला. त्याने हा सारा गोंधळ जवळून पाहिला होता आणि त्याने लिहिलं की, असं नाव आमच्या गावात कुणाला ठाऊकच नाही. पण आलामान श्रीमंत घरातला. खाणकामगारांची टोपणनावं त्याला कशी ठाऊक असणार, असंही म्हणता येतं. मला विचाराल तर पाठीवर ओझं वाहणारे हजारो लोक या शहरात होते हे तर नक्की. त्यातल्या एखाद्याला पाठीवर दगड घ्यायची युक्ती सुचली नसेलच असं मी म्हणणार नाही.

इदाल्गोही वाचला नाही. १८११ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, आणि त्याचं व त्याच्या तीन साथीदारांचं शिर लोखंडी पिंजऱ्यांत घालून याच कोठाराच्या चार कोपऱ्यांना टांगलं. दहा वर्षं, म्हणजे १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र होईपर्यंत! आता तिथे संग्रहालय आहे.

टेकडी उतरू या. वाटेत एक बोळ इतका चिंचोळा आहे की, जिथे तो सर्वांत अरुंद तिथे रुंदी जेमतेम ७० सेंटिमीटर. दोन दप्तरंवाली मुलं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागेल. मोठा चित्रकार दिएगो रिवेरा १८८६ मध्ये जन्मला ते घर इथेच. आणि ममींचं संग्रहालय! पण इजिप्तसारख्या राजेरजवाड्यांच्या नव्हेत हो. थडग्याच्या जागेसाठी कर भरावा लागे. ज्यांच्या घरच्यांना तो परवडला नाही त्यांची प्रेतं उकरून काढली, तर काही न कुजता वाळून तशीच राहिलेली निघाली. लोक तिकीट काढून पाहतात. मला ते फारसं आवडत नाही, म्हणून पुढे चला.

डॉन किहोटे माहीत आहे ना? पवनचक्कीला राक्षस समजून भाला घेऊन धावणारा? त्याच्या चित्रांचं आणि मूर्तींचं एक अख्खं संग्रहालय इथे १९८७ पासून आहे. ते एउलालियो फेरेर यांच्या संग्रहातून उभं राहिलं. तरुणपणी ते स्पेनमधल्या युद्धातून पळून फ्रान्समधल्या निर्वासितांच्या छावणीत अडकले होते. तिथे त्यांनी सिगारेटी देऊन बदल्यात एक पुस्तक घेतलं, ते निघालं 'डॉन किहोटे'. ते लिहिणाऱ्या सर्व्हांतेसच्या नावाने १९७२ पासून इथे दरवर्षी कलामहोत्सव भरतो. २०१८ मध्ये त्यात आपला भारत पाहुणा देश होता.

आता अजून खाली. थेट जमिनीखाली!

मगाचा गाळ आठवतो? खाणवाल्यांनी शेकडो वर्षं नदीत गाळ टाकला. पात्र वर आलं. पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि घळीत पाण्याला पसरायला जागा नाही. पूर आला की घरंच्या घरं वाहून जात. लोकांनी काय करावं? जुन्या इमारतींवरच भर घालून नव्या बांधल्या. सान दिएगोच्या मठाचा एक मजला आज रस्त्याच्या खाली आहे! १ जुलै १९०५ चा पूर तर भयानकच होता. त्यानंतर पोन्सियानो आगिलार या इंजिनिअरच्या देखरेखीखाली डोंगरातून बोगदा काढून १९०८ मध्ये पाण्याला वेगळी वाट करून दिली.

नदीचं जुनं पात्र रिकामं झालं. वर जुने पूल, दगडी कमानी, कमानींवर घरं. आणि शहरात मोटारी तर वाढल्या होत्या, रस्ते रुंद करायला जागा कुठे? मग १९६०च्या दशकात त्या पात्रातच रस्ता केला. सुमारे तीन किलोमीटर. त्याला आणखी बोगदे जोडले. त्यामुळे आज ग्वानाह्वातोत मोटारी आणि बस खालून धावतात, बसथांबेही खाली, आणि वरच्या गल्ल्यांतून माणसं निवांत चालतात. १९८८ मध्ये युनेस्कोने हे शहर आणि शेजारच्या खाणी जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या.

या खालच्या रस्त्याच्या एका भागाला बेलाउन्सारान हे नाव आहे. हे कोण? अनवाणी राहणाऱ्या पंथातले एक साधू. नोव्हेंबर १८१० मध्ये स्पेनच्या सैन्याने शहर परत जिंकलं. कोठारातल्या कत्तलीचा सूड म्हणून दिसेल त्याला मारा, असा हुकूम सुटला. रस्त्यात सापडलेल्या लोकांवर सैनिक तुटून पडणार, एवढ्यात बेलाउन्सारान हातात क्रूस घेऊन सेनापतीच्या घोड्यापुढे उभे राहिले. हे लोक निरपराध आहेत, म्हणाले. रस्त्यावरची कत्तल थांबली. नंतर अनेकांना फाशी झाली, ती ते रोखू शकले नाहीत. पण त्या दिवशी घरी परतलेली माणसं खूप होती.

हे मी वर्गाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सुट्टीत पुन्हा खेळ सुरू झाला. पाठीवर दप्तरं, ऑफिसचं दार, आरडाओरडा. कालची ती मुलगी मात्र दारासमोर हात पसरून उभी होती. मुलं म्हणाली, "बाई, हिला बाजूला व्हायला सांगा ना, खेळताच येत नाही!"

आता तुमचं काम. तुमच्या गावात किंवा शहरात पुतळा कुणाचा आहे आणि गल्लीबोळांना नावं कुणाची आहेत, ते पाहून या. ज्या नावाचा माणूस कोण ते घरात आई-बाबांना किंवा आजी-आजोबांनाही सांगता येणार नाही, असं एक नाव निवडा, शोध घ्या आणि मला दहा ओळी लिहून पाठवा. पृथ्वीगोल पुन्हा कपाटावर ठेवू नका, पुढच्या आठवड्यात लागणार आहे.

तुमची,
बाई