घराण्याचा मान की मुलांचे भवितव्य?

बीड जिल्ह्यात सोयरीक जुळवताना जमिनीची चौकशी होते, नोकरीची होते, पत्रिकाही पाहिली जाते. एका प्रश्नावर मात्र दोन्ही घरे मौन पाळतात : घरात कोणाला मनाचा विकार होता काय? मधुमेह उघड सांगितला जातो. पण काकांनी महिनोन्महिने अंथरूण का सोडले नाही, हे दडवले जाते. या दडवादडवीला ‘घराण्याचा मान’ असे गोंडस नाव आहे. त्याची किंमत मोजतात त्याच घरातील सोळा-अठरा वर्षांची मुले.

तीव्र नैराश्य आणि उन्माद-अवसादाचा बायपोलर विकार यांत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. बायपोलर विकाराचे प्रमाण सर्वसाधारण समाजात शंभरात सुमारे एक. आई वा वडिलांना तो असल्यास मुलांत दहात सुमारे एक. म्हणजे दहातील नऊ मुले सुटतात. वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. परंतु दहावे मूल वेळीच ओळखायचे, तर घराने बोलले पाहिजे. विकार बहुधा पौगंडावस्थेत वा विशीच्या आसपास डोके वर काढतो. पूर्वेतिहास लपवला, तर डॉक्टरही फसतात. बायपोलर रुग्णाला केवळ नैराश्यावरील गोळ्या दिल्यास उन्माद उसळू शकतो.

बीडमध्ये हा प्रश्न अधिक बिकट आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील कोयता घेऊन परजिल्ह्यांत वा कर्नाटकात जातात. मुले आजी-आजोबांकडे वा वसतिगृहात राहतात. पोराची झोप उडाली, हे पाहणार कोण? शेतकऱ्याने आत्महत्या केली की सरकारी समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते. कर्ज आणि दुष्काळ ही कारणे खरीच. पण मागे राहिलेल्या मुलांच्या मनाची विचारपूस कोणत्या रकान्यात होते?

मनोविकार हे पाश्चात्त्यांचे खूळ, असे म्हणणाऱ्यांनी चरकसंहिता उघडावी. तेथे उन्मादाचे निदान आणि चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. ज्या परंपरेने उन्मादाची चिकित्सा सांगितली, तिचे वारस म्हणवणाऱ्यांनी त्याला कलंक मानावे, हा कोणता अभिमान?

उपचारांची वाट बंद नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा चालू आहे. तरीही पहिली धाव देवऋषीकडे असेल, तर दोष केवळ शासनाचा नाही.

कुटुंबव्यवस्था हे आपले बळ, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. त्या बळाची कसोटी येथे आहे. ज्या घरात हा विकार होऊन गेला, तेथे वडीलधाऱ्यांनी जाणत्या मुलांना तो शांतपणे, नाव घेऊन सांगावा. शिक्षकांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी बदललेली झोप, तुटलेला अभ्यास, मरणाची भाषा हलक्यात घेऊ नये. सांगितल्याने सोयरीक मोडेल, ही भीती खोटी नाही. पण मोडलेली सोयरीक पुन्हा जुळते. गेलेले लेकरू परत येत नाही.