शेक घ्या, चटका नको

गारठा वाढला की ज्यांचा गुडघा धरतो, कंबर आखडते आणि उबेला बसलं की जरा मोकळं वाटतं, अशांसाठी हे लिहीत आहे. आणि आठव्या महिन्यात सोनोग्राफी करून आलेल्या, ‘बाळ पायाळू आहे’ हे ऐकून धास्तावलेल्या आयांसाठीही. तुम्हाला कोणीतरी मॉक्साचं नाव सांगितलं असेल. आपल्याकडे ॲक्युपंक्चर करणाऱ्यांच्या दवाखान्यात सुयांच्या जोडीला हा शेक देतात. तो जरूर घ्या, पण त्यात काय आहे आणि काय नाही हे समजून घ्या.

जोतिबाला आपण जो दवणा वाहतो, त्याच्याच जातकुळीतली एक वनस्पती चीनमध्ये उगवते. तिची पानं वाळवून, कुटून, चाळून घेतली की कापसासारखी मऊ लव उरते. हाच मॉक्सा; तो पेटवून त्याच्या उबेचा शेक देतात. ही लव जितकी जुनी, तितका तिचा निखारा सौम्य, म्हणून ती काही वर्षं साठवून ठेवतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मेन्सियस या चिनी तत्त्वज्ञानेही जुन्या आजारासाठी तीन वर्षं मुरलेल्या या पाल्याचा उल्लेख केला आहे, म्हणजे तेव्हाच ही गोष्ट लोकांना चांगली ठाऊक होती. हूनान प्रांतात मावांगदुई इथं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ मध्ये उघडली, तेव्हा रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. त्यांतल्या दोन ग्रंथांत शरीरातल्या वाहिन्यांवर शेक कसा द्यायचा ते आहे, सुयांचा मात्र उल्लेख नाही. युनेस्कोने २०१० मध्ये ॲक्युपंक्चर आणि मॉक्सा या दोहोंना मिळून मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

चिनी वैद्यांच्या मते थंडी आणि ओल अंगात शिरून बसली की रक्त आणि ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, अडते आणि दुखणं सुरू होतं. मॉक्साची ऊब ती वाट मोकळी करते. हा सिद्धान्त तुम्ही मानलाच पाहिजे असं नाही. ऊब मात्र खरी आहे. तिने त्या जागेचं रक्ताभिसरण वाढतं, आवळलेले स्नायू सैल होतात, दुखरी जागा निवते. दहा-पंधरा मिनिटं कोणीतरी आपल्या दुखण्यापाशी शांतपणे बसून राहतं, याचाही गुण येतोच, आणि त्याला मी कमी लेखणार नाही. शेकाने बऱ्या वाटणाऱ्या जुनाट सांधेदुखीला, पाळीत ओटीपोटात येणाऱ्या कळांना, गारठ्याने धरलेल्या पाठीला याने उतार पडू शकतो. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे. पोट मंद असलं, थकवा राहिला की तिथं शेक देण्याची रीत चीन-जपानमध्ये फार जुनी. पण झिजलेली कूर्चा यातून परत येत नाही आणि कर्करोग बरा होत नाही. तसं सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

आता पायाळू बाळाविषयी, कारण मॉक्साच्या उपयोगांपैकी याचा अभ्यास बराच नीट झाला आहे. पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी एक बिंदू आहे. दोन्ही पायांवर तिथं रोज शेक देतात. चीनच्या जिआंगशी प्रांतात पहिलटकरणींवर झालेला प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तेहतिसाव्या आठवड्यात बाळ पायाळू असलेल्या २६० जणी होत्या. निम्म्यांना आठवडाभर, बाळ न फिरल्यास आणखी आठवडाभर शेक दिला. पस्तिसाव्या आठवड्यात शेक घेतलेल्या १३० पैकी ९८ जणींचं बाळ डोक्याकडून आलेलं होतं. न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींचं. पुढे जिनिव्हात २१२ गर्भवतींवर असाच प्रयोग झाला, तिथं मात्र फरक दिसला नाही. सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन समीक्षेचा २०२३ मधला निष्कर्ष असा, की नेहमीच्या देखभालीच्या जोडीला मॉक्सा घेतला तर जन्मावेळी बाळ आडवं किंवा पायाळू राहण्याची शक्यता बहुधा थोडी कमी होते.

‘बहुधा’ आणि ‘थोडी’ हे दोन्ही शब्द लक्षात ठेवा. करून बघण्यासारखा उपाय आहे. मात्र आधी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारा. जुळी असतील, वार खाली असेल, रक्त जात असेल किंवा आधीचं सिझेरियन असेल, तर आपल्या मनाने काहीही करू नका. गरोदरपणी पोटावर आणि कंबरेवर मॉक्सा घ्यायचा नसतो. आणि बाळ नाहीच फिरलं, तर त्यात आईचं काही चुकलेलं नसतं. घरच्यांनी तसं तिला ऐकवू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

घरी मॉक्साची कांडी वापरायची असेल तर पहिल्यांदा जाणकाराकडून शिकून घ्या. पेटतं टोक कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर धरायचं. ऊब सुखाची वाटली पाहिजे. कातडी गुलाबी झाली की पुरे, चुरचुरलं की लगेच हात मागे. राख वरचेवर झटका. खिडकी उघडी ठेवा, कारण धूर पुष्कळ होतो आणि दम्याच्या माणसाला तो सोसत नाही. काम झाल्यावर कांडी वाळूत खुपसून पूर्ण विझवा. वरून विझलेली दिसली तरी आत ती धुमसत राहते.

मधुमेहींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. पाय बधिर असतील तर मॉक्सा नकोच. चटका बसल्याचं कळणार नाही, फोड येईल, फोडाची जखम होईल आणि ती महिनोन्‌महिने भरणार नाही. ताप असताना, सांधा लाल होऊन सुजलेला असताना, चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ, तुटल्या-फुटल्या कातडीवरही घेऊ नका.

लहान बाळांच्या वाटेला तर विस्तव अजिबात जाऊ देऊ नका. आपल्या मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्यांना तापल्या विळ्याने डंबा, म्हणजे डाग, देतात, कोवळं पोट भाजून निघतं, आणि खरं दुखणं आत तसंच राहतं. कोणी मॉक्साचं नाव पुढे करून डागण्यांना चांगलं म्हणू लागलं, तर त्याला तिथंच थांबवा. बाळाला आरोग्य केंद्रात न्या.

जुन्या चीनमध्येही कातडी जाळून व्रण उठवण्याची पद्धत होती. सोंग राजवटीच्या काळातल्या ली तांग या चित्रकाराच्या नावावर असलेल्या एका चित्रात खेडुताच्या पाठीवर वैद्य असा डाग देतो आहे, घरच्यांनी त्याला धरून ठेवलं आहे आणि तो ओरडतो आहे. ते सोसण्याचं तुम्हाला काही कारण नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. चालू असलेल्या गोळ्यांची यादी दाखवा आणि त्या बंद करायला सांगितलं तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि फोड आल्याशिवाय गुण येत नाही असं कोणी म्हणालं, तर नमस्कार करा आणि तिथून उठा.