टेकड्यांच्या वारसांनो, कुदळ उचला!

दसऱ्याच्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांच्या हातावर सोने म्हणून तुम्ही जे पान ठेवता, ते कोणत्या झाडाचे असते, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? बाजारात ढिगाने विकल्या जाणाऱ्या त्या फांद्यांत आपटा किती आणि त्याच्यासारख्याच पानाचा कांचन किती, हे ओळखणारे तुमच्या घरात आज कोणी उरले आहे काय? वटपौर्णिमेला तोडून आणलेली वडाची डहाळी पाटावर पूजली जाते. पण वड लावण्यासाठी आपल्या वस्तीत कोणी जागा राखली आहे? गणेशचतुर्थीला आघाडा, डोरली, शमी, विष्णुक्रांता यांची नावे मोठ्याने उच्चारली जातात आणि हाताने मात्र जुडीत आलेला कोणताही हिरवा पाला वाहिला जातो. नाव ओठांवर राहिले, झाड गेले. पूजा राहिली, पूज्य वस्तू नाहीशी झाली.

शहरांत वाढलेल्या तरुणांनो आणि तरुणींनो, हा तुमच्यावर झालेला अन्याय आहे. सह्याद्रीच्या छायेत जन्म घेऊन तुम्हाला धावडा ओळखता येत नाही, मोई ओळखता येत नाही, गणेर फुलला तरी त्याच्याकडे बोट दाखवून नाव सांगता येत नाही. तुमच्या आजीला हे सारे येत होते. ती शाळेत गेली नसेल. पण पहिल्या पावसानंतर शेवळे कुठे उगवतात, टाकळ्याची भाजी कोणत्या आठवड्यात कोवळी असते, करटोलीचा वेल कोणत्या कुंपणावर चढतो, हे तिला कोणाला विचारावे लागत नव्हते. तिच्यापाशी असलेले हे धन तुमच्यापर्यंत का पोहोचले नाही? वाटेत ते कोणी अडवले? ज्या समाजाने पदवीला ज्ञान म्हटले आणि मातीला हात लावणाऱ्याला अडाणी ठरवले, त्या समाजाने हे ऋण कधी मान्य केले आहे काय?

ही लूट जुनी आहे. 1878 च्या वनकायद्याने परकीय सत्तेने रानांवर आपली मालकी पक्की केली, आणि 1883 साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना डोंगर आणि गायराने बंद करणाऱ्या जंगल खात्यावर आसूड ओढला. राज्य बदलले, पण रान म्हणजे लाकडाचे कोठार आणि उघडी टेकडी म्हणजे पडीक जमीन, ही दृष्टी बदलली नाही. लवकर वाढते, कागदावर हिरवे दिसते, एवढ्याच गुणांवर झाडे निवडली गेली. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ऑस्ट्रेलियाकडून आली, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडून. पुण्याची वेताळ टेकडी पाहा, तळजाई पाहा. एके काळी गवत, खैर, हिवर, सालई, तरवड आणि करवंदीच्या जाळ्या असलेल्या त्या उतारांवर आज रांगेने उभे आहे ते गिरिपुष्प, ज्याला आपले लोक उंदीरमारी म्हणतात. वसंतात त्याला गुलाबी बहर येतो, लोक छायाचित्रे काढतात आणि टेकडी सजली असे मानतात. त्या दाट सावलीत गवताची काडी तग धरीत नाही, ही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही.

आणि गृहसंकुलांच्या आवारात काय चालले आहे? कंत्राटदाराच्या टेम्पोतून गुंडाळलेले लॉन उतरते, कॉनोकार्पसच्या झुडपांची भिंत उभी राहते, कमानीशी ताडासारखी शोभेची झाडे रोवली जातात. त्या लॉनला उन्हाळ्यातही रोज पाणी लागते, आणि ज्या तालुक्यांत त्याच दिवसांत टँकरपुढे हंड्यांच्या रांगा लागलेल्या असतात, त्याच तालुक्यांतून आलेला माळी ते पाणी घालतो. त्याच्या मनात काय येत असेल, हे आपण कधी विचारले आहे काय?

शासनानेही वृक्षारोपणाचे संकल्प केले. 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4 कोटी, 2018 साली 13 कोटी, 2019 साली 33 कोटी. आकडा वाढत गेला. पण रोप कोणते, कोणत्या जमिनीत, तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या मुळाशी पाणी कोण घालणार, हे प्रश्न आकड्यांच्या जयघोषात कोणी ऐकले? रोप लावताना दहा हात पुढे येतात. ते जगवताना एकही हात दिसत नाही. ज्या रोपाला आपले म्हणणारे माणूस नाही, ते रोप सरकारी असो की खासगी, अनाथच असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयात आंधळा अभिमान लवकर शिरतो. झाडाची जात विचारून त्याचा द्वेष करा, असे मी सांगत नाही. चिंच मूळची आफ्रिकेची. तिच्या पारावर शेकडो वर्षे गावे बसली, तिला परकी कोण म्हणेल? मिरची समुद्रापलीकडून आली आणि आपल्या भाकरीची झाली. गुलमोहर मादागास्करचा, तुमच्या दारात उभा असेल तर त्याच्यावर कुऱ्हाड चालवू नका. कसोटी एकच आहे: या भूमीचे पाखरू, या भूमीची मधमाशी, या भूमीचा सुरवंट त्या झाडावर जगतो काय?

सुरवंट म्हटल्यावर नाक मुरडू नका. तुमच्या सज्जातील कुंडीत लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे रोप असेल, तर त्याच्या कोवळ्या पानाकडे नीट पाहा. पक्ष्याच्या विष्ठेचा ठिपका वाटावा असा तपकिरी-पांढरा जीव तेथे बसलेला दिसेल. शत्रूची नजर चुकवण्यासाठी त्याने ते रूप घेतले आहे. काही दिवसांत तो पानासारखा हिरवा होतो, बोटाएवढा वाढतो, फांदीला रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून घेतो आणि फुलपाखरू होऊन उडून जातो. आपल्या राज्याने 2015 साली ज्या नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याची मादीही लिंबाच्या आणि बेलाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते. सुरवंटाने चार पाने खाल्ली म्हणून तुम्ही औषध फवारता आणि मग फुलपाखरे कुठे गेली म्हणून हळहळता! हरियाल आपला राज्यपक्षी; तो वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतो. ताम्हण आपले राज्यपुष्प; तुमच्या वॉर्डात त्याची किती झाडे आहेत? मान दिला, मानकऱ्याचे ताट मात्र काढून घेतले. हा व्यवहार महाराष्ट्राला शोभतो काय?

उंबराच्या एका झाडाची महती ऐका. त्याच्या फळात शिरून परागीभवन करणारी चिमुकली गांधीलमाशी त्याच्यावाचून जगू शकत नाही आणि तिच्यावाचून उंबराला बी धरत नाही. फळ पिकले की बुलबुल येतात, तांबट येतात, धनेश येतात, रात्री वटवाघळे येतात आणि ते बी दूरवर नेऊन टाकतात. पुढे भिंतीच्या फटीत उंबराचे, वडाचे, पिंपळाचे रोप उगवते आणि आपण ते उपटून गटारात फेकतो. तरुणांनो, ते रोप फेकण्यासाठी जन्मलेले नाही. पावसाळ्यात मुळासकट हळूच सोडवा, पिशवीत लावा, वाढवा आणि भिंतीपासून दूर मोकळ्या जागी त्याला त्याचे स्थान द्या.

पण एकट्याने हे होणार नाही. एका सज्जातील एक कुंडी फुलपाखराला घटकाभर थांबवील; एका गल्लीतील चाळीस घरे, त्यांचे आवार, शाळेचे मैदान आणि टेकडीचा उतार एकत्र आले तर पाखरांचे गोत वसेल. म्हणून गट उभारा. त्याला मोठे नाव नको, फलक नको, उद्घाटनाला पाहुणा तर मुळीच नको. दर रविवारी सकाळी न चुकता येणारी दहा माणसे हवीत. आणि त्या गटाच्या अग्रभागी तुमच्या इमारतीचे माळीबाबा असू द्या. जमिनीत ओल किती आहे हे चिमूटभर माती चोळून सांगणाऱ्या माणसाला आपण आजवर फक्त पाइप धरायला लावले. हा त्यांचा अपमान होता आणि आपली हानी होती. त्यांना बोलते करा, त्यांचे ऐका, त्यांच्या वेळेचा मोबदला सन्मानाने द्या. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बांधव-भगिनींना गुरुस्थानी माना. रान त्यांच्या स्मरणात अजून जिवंत आहे.

काम कठीण नाही, पण ते ऋतूच्या आज्ञेने चालते. उन्हाळा संपत येताना पळसाच्या चपट्या शेंगा गळून पडतात. प्रत्येक शेंगेच्या टोकाशी एकच बी असते. ते ताजे असतानाच पेरायचे. पळसाचे रोप वर थोडेच दिसते आणि पहिले वर्ष खाली मूळ रोवण्यात घालवते. त्याची खुंटलेली उंची पाहून निराश होऊ नका. करवंदे खाल्ली की बिया धुऊन लगेच पेरा. लिंबोळीचे बी काही आठवड्यांतच निर्जीव होते, म्हणून तिला डब्यात भरून ठेवू नका. बहाव्याचे बी मात्र कवचाने कठीण. ते दगडावर घासून रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर वाट पाहून थकाल. पांगारा, सालई, मोई यांची हातभर लांब, मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तरी फुटते. रोप पिशवीत वर्षानुवर्षे ठेवू नका, त्याची मुळे तळाशी गुंडाळी करतात आणि असे झाड जमिनीत कधी पाय रोवत नाही.

खड्डे वैशाखातच घ्या. टेकडीचा मुरूम कठीण असतो. पहार खणकन् आपटून परत येते, ठिणगी उडते, तळहाताला फोड येतात. येऊ द्या! शतकानुशतके ज्यांच्या हातांना घट्टे पडले त्यांना आपण खालचे मानले. त्या पापाचे थोडे क्षालन तुमच्या तळहातांनी होऊ द्या. रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत खड्डे तापले पाहिजेत. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, ओल खोलवर गेली, की मगच रोप लावा. उतारावर वाहते पाणी रोपाशी थांबेल असे अर्धचंद्राकार आळे करा, पालापाचोळ्याचे आच्छादन घाला. पालापाचोळा जाळू नका. ती जंगलाची भाकर आहे. पुढचे तीन उन्हाळे पाण्याच्या पाळ्या लावा आणि होळीपूर्वी जाळपट्टे काढा, कारण एका काडीने पेटलेला वणवा साऱ्यांचे श्रम एका दुपारी गिळतो.

प्रत्येक मोकळ्या जागी झाडच हवे, हा भ्रमही सोडा. माथ्यावरची गवते, मारवेल, पवना, कुसळी, ही पडीक जमिनीची खूण नाही. चंडोल तेथे घरटे करतो, लावे तेथे पिल्ले वाढवतात, ससे तेथे लपतात. पावसाळ्यात त्याच उघड्या कातळावर इवली फुले येतात, त्यांतली काही सह्याद्रीवाचून जगात कोठेही उगवत नाहीत. तेथे खड्डे घेणे हे सेवेच्या नावाने केलेले अतिक्रमण आहे. गिरिपुष्पाची रानेही एका दिवसात तोडू नका. झाड तोडण्यास 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने परवानगी लागते, आणि एकाएकी उघडा पडलेला उतार पहिल्या धारेत वाहून जातो. गिरिपुष्पाच्या रानातील मोकळ्या जागांत आपली रोपे धरवा, ज्यांची जमीन आहे त्या खात्याची लेखी संमती घ्या आणि धीराने पालट घडवा.

धीर म्हणजे मौन मात्र नव्हे. गृहसंस्थेच्या वार्षिक सभेत उभे राहा आणि लॉनवर किती पाणी व पैसा गेला, याचा हिशेब मागा. झाडाच्या बुंध्याला सिमेंटने आवळणाऱ्याला जाब विचारा, खोडात खिळे ठोकून जाहिरात लावणाऱ्याला जाब विचारा. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारा की यंदा लावायच्या रोपांची यादी कोणी केली. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे आणि लोकांच्या सहभागाने लोक जैवविविधता नोंदवही तयार झाली पाहिजे. तुमच्या शहराची ती नोंदवही तुम्ही पाहिली आहे काय? तीत तुमच्या वस्तीतील जुन्या वडाची, विहिरीवरच्या उंबराची नोंद आहे काय? नसेल तर ती करवून घेणे हा तुमचा अधिकार आहे. याचकाच्या आवाजात मागू नका. नागरिकाच्या आवाजात मागा. एकटा गेला तर त्याला उद्या या म्हणतील. पन्नास जण अर्ज घेऊन गेले, तर त्यांना बसायला खुर्च्या द्याव्या लागतील.

तर मग आणखी कोणाची वाट पाहता? येत्या रविवारी सूर्योदयाला आपापल्या टेकडीच्या पायथ्याशी जमा. पहार आणा, घमेले आणा, खुरपे आणा. काही नसेल तर नुसते हात आणा. शनिवारी रात्री गावाकडे फोन लावून आजी-आजोबांना पाच झाडांची नावे विचारा, त्यांना फूल केव्हा येते आणि बी केव्हा पिकते ते लिहून आणा. एक कोरी वही घ्या. गटाच्या सभासदांत पहिले नाव माळीबाबांचे लिहा, दुसरे स्वतःचे, आणि तिसऱ्या नावासाठी शेजारचे दार आजच ठोठावा.